राइडखाली उभं राहणाऱ्याचा कॅमेरा

भाऊबीज आटोपली त्याच रात्री मामेबहिणीचा फोन आला. "दादा, पुढच्या बुधवारी इमॅजिकाला चाललोय. कॅमेरा कुठला नेऊ? हे म्हणतायत मोठा, मी म्हणते फोन पुरे, आणि आईंचं म्हणणं, कशाला ते लोढणं गळ्यात." मागून जावईबापूंचा आवाज आला, "मग तो घेतला कशाला, कपाटाची शोभा म्हणून?"

मी दहा वर्षं शनिवार-रविवारी लग्नाचे फोटो काढले. आता काढत नाही. पण नात्यात एकदा तुम्ही 'फोटोवाले' ठरलात की सुटका नसते. दर सुट्टीत हा प्रश्न कुठून ना कुठून येतोच आणि एरवी मी फोनवरच दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होतो. या वेळी योग असा आला की आधीच्या सहलीचे फोटो, घरातली सगळी यंत्रं आणि नंतरचा निकाल, तिन्ही माझ्या डोळ्यांखालून गेलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. माझं जे चुकलं त्यासकट.

घर ठाण्यातल्या पाचपाखाडीतलं. माणसं पाच: बहीण, जावईबापू, अकरा वर्षांची थोरली, चार पूर्ण झालेला धाकटा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ज्यांना मी काकू म्हणतो. सकाळी आपल्या गाडीने निघायचं, रात्री परत. मुक्काम नाही. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं, तेव्हा ते या खेपेला नाही, फक्त थीम पार्क. हे आधीच ठरलेलं होतं ते बरं झालं, कारण कॅमेऱ्याचा अर्धा गोंधळ पाण्यावरूनच होतो.

टेबलावर काय काय होतं

शनिवारी चहाला गेलो तेव्हा बहिणीने सगळं डायनिंग टेबलवर मांडूनच ठेवलं होतं, मुलगी पाहायला आल्यासारखं.

एक, जावईबापूंचा कॅनन २०० डी मार्क टू, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स (आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). दोन, सोनीचा छोटा आरएक्स १००, अगदी पहिला, २०१२ साली निघालेला. जावईबापूंच्या भावाने परदेशातून आणून दिलेला आणि दोन वर्षं ड्रॉवरमध्ये पडून असलेला. तीन, ऑफिसातल्या मित्राकडून मागून आणलेला गोप्रो. चार, घरातले तीन फोन.

जावईबापूंना वाटत होतं की मी आता सेन्सर, मेगापिक्सेल वगैरे बोलायला लागेन. मी आधी त्यांच्याकडे मागच्या वर्षीच्या महाबळेश्वरचं फोल्डर मागितलं. डिजिटल फोटोची एक सोय असते: कुठल्या लेन्सवर, किती झूमवर, किती वेगाने काढला ते सगळं त्या फाइलच्या पोटातच लिहिलेलं असतं. माणूस सांगताना विसरतो, सोयीचं तेवढं सांगतो. फाइल विसरत नाही. लॅपटॉपवर फोल्डर उघडलं आणि चहा होईपर्यंत खाली-खाली सरकत राहिलो.

तीनशेच्या वर फोटो होते. त्यातले बहुतेक १८ ते ३५ च्या पट्ट्यातले, म्हणजे जवळून, चौघंजण चौकटीत बसवलेले. ५५-२५० ची लेन्स अकरा वेळा लावली होती. अकरापैकी नऊ फोटो माकडांचे. आणि दुसरी गोष्ट मी मोजायला बसलो नव्हतो, ती आपोआप दिसली. जावईबापू अख्ख्या महाबळेश्वरात तीनच फोटोंत होते. त्यातल्या एकात नुसता खांदा.

"अहो, काढणारा मीच ना," ते म्हणाले. म्हणाले हसून, पण फोल्डर पुन्हा वरपासून खालपर्यंत त्यांनी स्वतः एकदा पाहिलं.

आता वजन. बॉडी ४४९ ग्रॅम, छोटी लेन्स २१५, मोठी ३७५. बेरीज १,०३९ ग्रॅम, बॅग आणि चार्जर सोडून. किलोभर साखर हातात धरून दिवसभर फिरायचं म्हटलं तर कोणी फिरणार नाही, पण कॅमेरा म्हटलं की आपण फिरतो. महाबळेश्वरला ते चालून गेलं, कारण तिथे गाडीतून उतरायचं, पॉइंट पाहायचा आणि पुन्हा गाडीत बसायचं. थीम पार्कमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय आणि रांग. त्यातून मोठ्या राइडवर कॅमेरा नेऊ देत नाहीत, खिशातलंही बाहेर काढायला लावतात, आणि ते योग्यच आहे. म्हणजे दर राइडला तो किलोभर ऐवज कोणाच्या तरी हवाली करायचा, नाहीतर लॉकर गाठायचा.

मोठ्या लेन्सचा निकाल मात्र मला लावावाच लागला नाही. टोपण काढून मागच्या बाजूने फोनचा टॉर्च मारला तर आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. बुरशी. ठाण्यात जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलांवर पांढरा थर येतो, तीच हवा लेन्सलाही लागते. फोमच्या बॅगेत घालून बंद कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. बॅग धक्क्यापासून वाचवते, दमटपणापासून नाही. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा आणि मधूनमधून बाहेर काढून वापरायचा. इतकी थोडी बुरशी साध्या फोटोत दिसतही नाही, पण समोर दिवा किंवा ऊन आलं की फोटोवर दुधाळ पडदा येतो. ती लेन्स फोर्टातल्या बोरा बाजारात साफ करायला द्या, असं सांगून मी बाजूला ठेवली. तीही वेगळ्या बॅगेत, कारण शेजारच्या लेन्सला तिची संगत नको.

उरला २०० डी आणि छोटी लेन्स, विरुद्ध आरएक्स. इथे जावईबापूंनी अपेक्षित बाण सोडला. "पण सेन्सर तर याचाच मोठा ना?"

मोठा आहे. कॅननचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, सोनीचा १३.२ बाय ८.८. क्षेत्रफळ काढलं तर ३३२ विरुद्ध ११६, जवळजवळ तिप्पट. पण सेन्सर म्हणजे नुसतं पातेलं, त्यात उजेड ओतते ती लेन्स. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. कॅननची छोटी लेन्स झूम न करता जास्तीत जास्त एफ ४ पर्यंत उघडते, सोनीची एफ १.८ पर्यंत. चार भागिले १.८, त्याचा वर्ग, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सोनीकडे जवळपास पाचपट उजेड. तिप्पट लहान पातेलं, पण पाचपट जाड धार. झूम न करता, कमी उजेडात, खिशात मावणारा तो जुना सोनी या छोट्या लेन्सवाल्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा पावणेदोन पट उजेड गोळा करतो. जावईबापूंनी हे कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहिलं. मग दुसऱ्यांदा करून पाहिलं.

झूम पूर्ण केला की मात्र पारडं फिरतं. सोनी एफ ४.९ वर येतो, कॅनन ५.६ वर. पाचपटीचा फायदा १.३ पटीवर उतरतो आणि मोठं पातेलं दुपटीहून जास्त पुढे जातं. हे मी त्या दिवशी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना नीट सांगितलं नाही, ते पुढे येईलच.

गोप्रोवर मी फार वेळ घालवला नाही. पाण्याला उत्तम आहे, दहा मीटर खोलवरही काही होत नाही, पण वॉटर पार्क तर नाहीच आहे. लेन्स इतकी रुंद की दोन हातांवरचं मूलही बाहुलीएवढं दिसतं. आणि मागून आणलेली वस्तू गर्दीत सांभाळायची म्हणजे सहलीवर एक माणूस जास्त नेल्यासारखं. परत देऊन टाका म्हटलं.

फोनबद्दल बहिणीचं म्हणणं बिनचूक होतं: हातात असतो, लगेच निघतो, घरी आल्यावर केबल शोधावी लागत नाही. दिवसा दोन-तीन मीटरवरचा चेहरा आजचा बरा फोन झकास काढतो. माझी हरकत वेगळीच होती. फोन हा आता नुसता फोन नाही. तिकिटाचा क्यूआर त्यात, वडापावपासून लॉकरपर्यंत सगळे पैसे त्यातूनच, गर्दीत चुकामूक झाली तर शोधायचं साधनही तेच. दुपारपर्यंत व्हिडिओ काढून काढून बॅटरी १५ टक्क्यांवर आली की फोटो तर जातातच, पण जेवणाचे पैसे द्यायचीही पंचाईत. आणि 'वॉटरप्रूफ' शब्दावर भिस्त ठेवू नये. फोनच्या जाहिरातीत असतो त्या आयपी ६८ मधला ६ हा धुळीसाठी आणि ८ हा पाण्यात बुडण्यासाठी. ती परीक्षा नवाकोरा फोन साध्या, स्थिर पाण्यात बुडवून घेतात. क्लोरीनचं पाणी, पाण्याची पिचकारी, दोनदा पडून कड उघडलेला फोन, हे त्या परीक्षेत नसतं. पाणी गेलं तर वॉरंटीही बहुधा हात वर करते.

बॅगा कोण सांभाळणार?

इतका वेळ आम्ही तिघं कोणता कॅमेरा चांगला हेच बोलत होतो. काकू पलीकडे बसून लसूण सोलत होत्या. मी सहज विचारलं, "पण कुठल्या राइडवर कोण बसणार, ते ठरलंय का?"

लाइटबिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं. नायट्रो, म्हणजे तिथला मोठा रोलर कोस्टर: जावईबापू आणि थोरली, तीही उंचीच्या पट्टीला डोकं टेकलं तर. बहीण नाही, तिला चक्कर येते. धाकटा नाहीच. राजासॉरसची बोट: जावईबापू, बहीण, थोरली. धाकट्याच्या हत्तींच्या राइडमध्ये आणि घोड्यांच्या चक्रात: धाकटा आणि आईबापांपैकी एक. दर ओळीच्या शेवटी 'खाली कोण' असा रकाना केला होता. तो भरत गेलो तर सगळीकडे एकच नाव. कधी धाकट्यासह, कधी एकट्या, पण काकू.

"बॅगा कोण सांभाळणार?" मी विचारलं.

"मीच की," काकू म्हणाल्या, लसणावरून मान वर न करता. "नाहीतर कोण."

झालं. राइडवरच्या माणसाचा फोटो राइडवरचा माणूस काढू शकत नाही. तो खाली उभ्या असलेल्या माणसाला काढायचा असतो. आणि प्रत्येक घरात तो खाली उभा राहणारा माणूस ठरलेला असतो: ज्याचे गुडघे दुखतात, ज्याला चक्कर येते, ज्याच्या हातात सगळ्यांचे स्वेटर असतात. कॅमेरा त्याच्या हाताला बसेल असा हवा. बापाच्या हौसेला बसतो की नाही, हा प्रश्नच बाजूला पडला.

"मला नाही हो जमणार ते," काकूंनी लगेच हात झटकले. मग म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्याकडे होता एक. आग्फाचा क्लिक थ्री. त्याच्यावर काढलेत मी, पण ते काय, बटण दाबायचं."

"हेही बटणच दाबायचं," मी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी फोन बाद होण्याचं कारणही तेच. फोनवर बटण नाही. काचेवर बोट टेकलं की कधी फोटो निघतो, कधी व्हिडिओ सुरू होतो, कधी चित्र आपोआप मोठं होतं, आणि कोरड्या बोटाला काच दादच देत नाही. खटका दाबला की काम झालं, ही खात्री त्यांच्या हाताला मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळीकडे आहे. फोनवर तीच नाहीशी होते. शिवाय २०० डी त्यांच्या मानेला झेपणारा नव्हता, मणक्याचा पट्टा मागच्या वर्षीच सुटलेला. आरएक्स २४० ग्रॅमचा. मनगटात दोरी अडकवली की हात मोकळे.

जावईबापू थोडे हिरमुसले. मला त्यांचं वाईट वाटलं. पण त्यांना महाबळेश्वरातला तो खांदा आठवत असावा, वाद त्यांनी घातला नाही.

तलावपाळीवरची तालीम

नवीन चप्पल सहलीच्या दिवशी पहिल्यांदा घालत नाहीत, कॅमेऱ्याचंही तसंच. रविवारी संध्याकाळी काकू, धाकटा आणि मी तलावपाळीला गेलो. मासुंदा तलावात पायडलच्या बोटी फिरतात, त्या हलत्या निशाण्यासाठी उत्तम.

आधी डायल. आरएक्सच्या माथ्यावरच्या गोल चकतीवर अक्षरं आणि चित्रं असतात. ती वाचायला चष्मा लागतो आणि कळायला पुस्तिका. काकूंच्याच पर्समधून टिकल्यांचं पाकीट घेतलं. 'एस' समोर हिरवी टिकली, ऑटोसमोर लाल. 'एस' म्हणजे वेग आपण ठरवायचा, बाकीचं कॅमेरा बघतो. तिथे मी सेकंदाचा पाचशेवा भाग लावून ठेवला. नायट्रोचा कमाल वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला २९ मीटर. साठाव्या भागात ती गाडी जवळजवळ अर्धा मीटर पुढे जाते आणि फोटोत नुसता रंगाचा फराटा उरतो. पाचशेव्या भागात सहा सेंटिमीटर. लांबून पाहताना तेवढं खपून जातं. हात न हलण्याची जी सोय कॅमेऱ्यात असते ती आपल्या हातासाठी असते. समोरची गाडी काही ती थांबवत नाही. लोकांचा इथे फार गैरसमज असतो.

तर नियम असा दिला: ऊन असेपर्यंत हिरवी टिकली, दिवे लागले की लाल.

मग बटण अर्धं दाबणं, म्हणजे फोटोआधी कॅमेऱ्याला नेम धरू देणं. हे शिकवताना भलेभले गांगरतात. मी म्हटलं, "काकू, मशीनवर टाका सुरू करताना पायडल जरा दाबून बघता ना, सुई हलते का ते? तेवढंच." पहिल्याच वेळी जमलं. कॅमेऱ्याने पीं केलं, हिरवी चौकट आली, मग उरलेलं दाबलं. मी लग्नात हाताखाली ठेवलेल्या पोरांना हे शिकवायला आठवडा लागायचा.

जमलं नाही ते वेगळंच. राइडसाठी मी लागोपाठ फोटोंची सोय चालू करून दिली होती, बटण दाबून धरलं की सेकंदाला दहापर्यंत निघतात. काकू दाबून धरायला तयारच नव्हत्या. क्लिक थ्रीच्या एका रोलमध्ये बारा फोटो यायचे. बारा म्हणजे बारा, त्यातच बारसं, गणपती आणि माहेरचं लग्न बसवायचं. त्या सवयीचा माणूस एका बोटीचे दहा फोटो कसा काढेल? "एवढे कशाला? आत्ता नको, अजून वळली नाही ती." बोट वळेपर्यंत त्या थांबल्या. वळली, आतल्या पोराने आमच्याकडे पाहून हात केला, आणि त्यांनी एकदाच दाबलं.

फोटो पाहून मी गप्प बसलो. दहा काढून मला जो एक निवडावा लागला असता, तो त्यांनी एकदाच दाबून पकडला होता. तरी नायट्रोसाठी तरी दाबून धरा, एवढं मनवलं.

बुधवारी काय झालं

ऐरोलीवरून ठाणे-बेलापूर रस्ता, कळंबोलीला एक्स्प्रेसवे, मग खोपोली-पाली रस्ता. निघताना माझ्या सांगण्यावरून थोरलीने लिंबासारखा पिवळा टी-शर्ट घातला होता. आरएक्सचा झूम फार लांबचा नाही, १०० मिलिमीटरच्या बरोबरीचा. चाळीस मीटरवरून त्याची चौकट चौदा-पंधरा मीटर रुंदीची होते, त्यात चेहरा ओळखू येणार नाही, पण रंग ओळखू येतो. वीस काळ्या-निळ्या शर्टांत आपलं पोर कोणतं, हे घरी आल्यावर भिंग लावून शोधायला लागू नये.

नायट्रोला जमीन नाही, म्हणजे गाडीला तळ नाही, पाय हवेत लोंबकळतात. काकू पहिल्या फेरीला धाकट्याला कडेवर घेऊन नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या फेरीला, दुसऱ्याच लोकांची गाडी जाताना, ती नेमकी कुठे त्यांच्याकडे तोंड करून येते ते हेरून ठेवलं. तिसऱ्या फेरीत आपली माणसं होती. माझ्याकडे नंतर आलेल्या फोटोंत या राइडचे चौदा आहेत. त्यातला नववा मी मोठा करून पाहिला: वरच्या रांगेत पिवळा ठिपका, शेजारी जावईबापू, डोळे गच्च मिटलेले, आणि दोघांचे चारही पाय आभाळात. सहलीच्या आधी मोठ्या कॅमेऱ्यासाठी भांडणाऱ्या माणसाचा हा फोटो आता त्यांच्याच व्हॉट्सॲपच्या डीपीवर आहे.

धाकट्याच्या घोड्यांच्या चक्रावर काकूंची जुनी सवय पुन्हा कामी आली. चक्रात एक बरं असतं, मूल दर फेरीला त्याच जागी येतं. एकदा हुकलं तरी पुन्हा येतंच. त्या एका जागी उभ्या राहिल्या, तीन फेऱ्या नुसत्या पाहिल्या, चौथ्या फेरीला काढला.

स्प्लॅश अहॉयमध्ये पाण्याच्या तोफांनी एकमेकांना भिजवायचं असतं आणि कडेला उभे असलेलेही सुटत नाहीत. मी फराळाच्या डब्यातल्या चकल्या काढून त्यांची झिपची पिशवी दिली होती, कॅमेरा त्यात. काकूंनी पिशवी पुसायचे कष्ट घेतले नाहीत, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्याला चकलीच्या मसाल्याचा वास येत होता. चालतं. भिजला नाही, हे महत्त्वाचं.

आता जे बिघडलं ते. जेवणाचे सगळे फोटो काळपट आणि दाणेदार निघाले. बाहेर रणरणतं ऊन होतं, म्हणून काकूंनी नियमाप्रमाणे हिरवी टिकली ठेवली. पण जेवायला बसले ते छपराखाली, आणि तिथे पाचशेव्या भागाला उजेड पुरत नाही. नियम माझा, चूक माझी. 'ऊन की दिवे' असं सांगितलं, 'डोक्यावर छप्पर आलं की लाल' असं सांगायला हवं होतं.

बॅटरीचं मात्र जमून गेलं. कंपनीच्या हिशेबाने हा कॅमेरा एका चार्जिंगवर ३३० फोटो काढतो आणि बॅटरी दहा वर्षं जुनी. पण तो साध्या मायक्रो यूएसबी केबलवर पॉवर बँकेने चार्ज होतो. जेवताना बंद करून पिशवीतच लावून ठेवला.

खरी चुटपूट लागली ती परेडला. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि मग अंधार भसकन येतो. दिवे, नाच, रंगीत कपडे, सगळं होतं. काकूंनी लाल टिकली लावली, अगदी बरोबर. पण गर्दीत पुढे जागा नव्हती, म्हणून त्यांनी झूम केला. पूर्ण. एफ १.८ वरून थेट ४.९, म्हणजे उजेड सातव्या भागाहूनही कमी. कॅमेऱ्याने ती तूट भरून काढायला वेग खाली आणला आणि नाचणारे सगळे हलले. बावीस फोटो, बावीसही हललेले. धाकट्याला खांद्यावर घेऊन परेड दाखवणारे जावईबापू मात्र हाताच्या अंतरावर होते. त्यांचा झूम न करता काढलेला एकच फोटो आहे, आणि तो स्वच्छ आलाय: मागे दिव्यांचे गोल ठिपके, पुढे दोघांच्या वर झालेल्या माना.

मोठा कॅमेरा नेला असता तर परेड सुधारली असती का? थोडी सुधारली असती, दुपटीचा तो फरक तिथे कामाला आला असता. लांबच्या लेन्सनेही खूप काही साधलं नसतं, तीही त्या टोकाला ५.६ चीच. माझं मत विचाराल तर अंधारातल्या परेडचं उत्तर कॅमेऱ्यात नव्हतंच. 'अंधारात झूमला हात लावायचा नाही, जवळ जाता आलं तर जा, नाहीतर आपल्याच माणसांकडे कॅमेरा वळवा,' एवढं एक वाक्य मी शनिवारी पातेल्याच्या हिशेबात वाहून जाऊन सांगायचं विसरलो. जावईबापूंना जो हिशेब दोनदा सांगितला तो काकूंना एकदाही नाही, कारण त्या तेव्हा लसूण सोलत होत्या आणि कॅमेरा त्यांच्या हातात जाणार हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

फोनचंही एक सांगायचं राहिलं. बहिणीच्या फोनवरचे दुपारनंतरचे सगळे फोटो धुरकट आहेत, दिव्यांना शेपट्या फुटलेल्या. तिने विचारलं, फोन बिघडला का? बिघडला नव्हता. लेन्सवर धाकट्याचं बोट लागलं होतं आणि बोटाला बेसनाचा लाडू. ओढणीच्या टोकाने पुसलं असतं तरी भागलं असतं.

पुढच्या रविवारी फोटो बघायला बसलो तेव्हा मी सवयीने मोजायला लागलो. जावईबापू साठेक फोटोंत. बहीण जवळपास तेवढ्याच. मुलांचं विचारूच नका. मग थोरली म्हणाली, "मामा, आजी कुठाय?" काकू चार फोटोंत होत्या. महाबळेश्वरचं भोक मी बुजवलं नव्हतं, नुसतं एका माणसावरून उचलून दुसऱ्यावर ठेवलं होतं. दुपारी अर्धा तास कॅमेरा थोरलीच्या मनगटात अडकवायला सांगितलं असतं तर हे टळलं असतं. अकरा वर्षांची पोर, तिला टिकल्यांचीही गरज नव्हती. चारातला एक फोटो तिनेच फोनवर काढलेला: काकू बाकावर, मांडीत तीन स्वेटर, दोन्ही हातांनी कॅमेरा धरलेला, जीभ किंचित दातांत, नायट्रोकडे नजर.

लेन्स बोरा बाजारातून साफ होऊन आली, आता डब्यात सिलिका जेलसोबत असते. आरएक्स मात्र ड्रॉवरमध्ये परत गेला नाही. परवा जावईबापूंना ऑफिसच्या कार्यक्रमासाठी हवा होता, तर काकू म्हणाल्या, "चार्जिंगला लावलाय, उद्या भजनी मंडळाचं आहे. तुझा तो मोठा ने की." हिरवी टिकली मध्यंतरी गळून पडली होती. तिच्या जागी त्यांनी चंद्रकोरीची लावली आहे.